परसातली पिल्लं आणि त्यांची जात

प्रस्तावना

गोव्यातल्या साखळीच्या बाजारात कोंबडीची पिल्लं घेणारा माणूस भावाच्या आधी जात विचारतो. टोपली पुढ्यात घेऊन बसलेला विक्रेता 'अस्सल गावठी' म्हणतो, शेजारी उभा असलेला जाणकार 'गिरिराज' म्हणतो, आणि पिल्लं घरी पोचली की घरातली वडीलधारी बाई ती 'बॉयलर'ची ठरवते. तिघांच्याही मागे वर्षांचा अनुभव असतो. तरीही एका दिवसाच्या पिलाकडे बघून यातलं कुठलंच उत्तर खात्रीने देता येत नाही. पिलाची जात विचारून कळत नाही, ती त्याला वाढवताना कळत जाते. आधी अंगावरची लव, मग पिसं, तुरा, पायांचा रंग, चालण्याची ढब आणि शेवटी अंडं. प्रत्येक टप्प्यावर पिल्लू स्वतःबद्दल थोडं सांगतं, आणि मागे सांगितलेलं कधीकधी पुढे खोडूनही काढतं. डिचोली आणि पेडणे तालुक्यांतल्या परसांतून दिसणारी पिल्लं डोळ्यांसमोर ठेवून हे पुस्तक लिहिलं आहे, आणि त्याची रचना पिलाच्या वयाप्रमाणे केली आहे.

पहिल्या दिवशी काय कळतं, ते आधी सांगतो. पाठीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत गडद तपकिरी पट्टा, त्याच्या दोन्ही बाजूंना फिकट रेघा आणि डोळ्यामागून ओढल्यासारखी एक बारीक रेष असेल, तर त्या पिलाने आपल्या रानातल्या पूर्वजाचा रंग जपला आहे. खारीसारखे पट्टे असलेली ही पिल्लं गावठी रवणीत हमखास असतात. पूर्ण पिवळी लव बहुधा पुढे पांढऱ्या पिसांकडे जाते, कारण व्हाइट लेगहॉर्नमधला पांढरा रंग प्रबळ असतो आणि तो काळ्या रंगाला दाबून टाकतो. काळ्या पिलाच्या टाळूवर पांढरट ठिपका दिसला, तर मोठेपणी त्याच्या पिसांवर आडवे पट्टे उमटण्याची शक्यता धरावी. कडकनाथाचं पिल्लू निळसर ते काळं असतं आणि त्याच्या पाठीवर वेड्यावाकड्या गडद रेघा असतात. मान उघडी असलेल्या कोंबडीचं पिल्लू तर अंड्यातून बाहेर येतानाच मान उघडी घेऊन येतं. त्या उघड्या मानेवर पुढच्या बाजूला लवेचा एक झुपका राहिला असेल, तर आईबापांपैकी एकाकडूनच तो गुण आला आहे असं समजायला हरकत नाही. झुपका नसेल तर दोघांकडूनही.

तुराही पहिल्याच दिवशी थोडी ओळख देतो. चोचीच्या मुळापाशी भिंग धरून बघितलं तर साध्या तुऱ्याची एकच उभी रेघ दिसते. असीलचा तुरा वाटाण्याच्या दाण्यांसारखा, तीन बुटक्या ओळींचा असतो. हा गुण प्रबळ असल्यामुळे असीलशी संकर झालेल्या पिलातही तो डोकावतो. अनुवंशाचे मेंडेलने मटारांवर शोधलेले नियम प्राण्यांनाही लागू पडतात, हे विल्यम बेटसनने १९०२ मध्ये कोंबड्यांच्या तुऱ्यांवरून दाखवलं. म्हणजे जगातल्या पहिल्या काही आनुवंशिकी प्रयोगांत जे मोजलं गेलं, ते आपल्या खुराड्यासमोर बसून कोणालाही बघता येतं. मुलांना शाळेत हा धडा शिकवताना शिक्षकांनी पाटीवरचे चौकोन बाजूला ठेवून एक रवण दाखवावी, असं मला मनापासून वाटतं.

पहिल्या दिवशी न कळणाऱ्या गोष्टी याहून कितीतरी जास्त आहेत. उलट्या पिसांच्या कोंबडीचं पिल्लू सुरुवातीला अगदी इतरांसारखंच दिसतं. पंखांची खरी पिसं फुटू लागली की ती बाहेरच्या बाजूला वळतात आणि तेव्हा उलगडा होतो. पायांचा रंग पहिल्या काही आठवड्यांत बदलू शकतो. पिल्लू नर की मादी हेही गावठी रवणीत पहिल्या दिवशी ओळखता येत नाही. पंखांच्या पिसांची लांबी बघून ओळखण्याची जी युक्ती सांगतात, ती त्यासाठी मुद्दाम तयार केलेल्या वाणांतच चालते. जपानमध्ये मासुई आणि हाशिमोतो यांनी १९२०च्या दशकात एका दिवसाच्या पिलाचं गुदद्वार तपासून लिंग ओळखण्याची रीत बसवली आणि तिच्यावर मोठमोठी उबवणी केंद्रं उभी राहिली. पण ते काम बराच सराव केलेल्या हातांचं आहे. नवख्याने प्रयत्न केला तर पिलाला इजा होते. परसात पाच-सहा आठवडे थांबावं. तोवर नराचा तुरा लालसर होऊन वर येऊ लागतो, तर तलंगेचा अजून फिकट आणि बुटका असतो. पुढे दहा-बारा आठवड्यांनी नराच्या मानेवर आणि कमरेवर लांब, टोकदार, चकचकीत पिसं येतात, मादीची गोलसर राहतात. त्यानंतर शंका उरत नाही.

जत्रेत विकायला येणाऱ्या गुलाबी, हिरव्या, जांभळ्या पिलांबद्दल इथेच सांगायला हवं, कारण जातीची सर्वांत मोठी दिशाभूल तिथे होते. लेअर कोंबड्या पैदा करणाऱ्या उबवणी केंद्रांना नर पिल्लं नको असतात. ती अंडी देणार नाहीत आणि बॉयलरसारखी मांसही धरणार नाहीत. मग ती कवडीमोलाने विकली जातात आणि रंगात बुडवून मुलांपुढे येतात. रंग फक्त लवेवर असतो. पिसं फुटली की तो आपोआप जातो आणि खाली बहुधा पांढरा, चपळ, मोठ्या तुऱ्याचा लेगहॉर्न वळणाचा कोंबडा निघतो. ही पिल्लं जगवणं अवघड असतं. रंगवताना भिजल्यामुळे ती गारठलेली असतात, आईशिवाय वाढलेली असतात आणि दिवसभर उन्हातान्हात हाताळली गेलेली असतात. तरी एखादं घर त्यांना जगवतं, आणि मग ते मूल त्या कोंबड्याला सोडत नाही. असं रंगीत पिल्लू घेऊ नये असंच मी सांगेन. पण आणलंच असेल तर पहिली रात्र त्याला ऊब द्यावी, जातीची चौकशी नंतर करता येईल.

आता आपल्या परसांत खरोखर फिरणाऱ्या पक्ष्यांकडे येऊ. वनराजा आणि ग्रामप्रिया हे वाण हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या पाळणुकीसाठी तयार केले. वनराजा मांस आणि अंडी दोन्हींसाठी, ग्रामप्रिया मुख्यतः अंड्यांसाठी. गिरिराज बेंगळुरूच्या हेब्बाळमधून आला, १९८०च्या दशकाच्या अखेरीस, आणि कर्नाटकातून कोकणात व गोव्यात पसरला. जुन्या गोव्यात एला इथे असलेल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने असे सुधारित वाण गोव्यातल्या शेतकऱ्यांपर्यंत पोचवले आहेत. वर्षाला साठेक अंडी देणाऱ्या गावठी कोंबडीच्या जागी शंभराच्या किंवा दीडशेच्या पुढे अंडी देणारी कोंबडी घरात आली, तर त्या घरातल्या बाईच्या हातात चार पैसे जास्त येतात. हे मोल कमी नाही, आणि या वाणांना नावं ठेवणाऱ्यांत मी नाही.

पण एक गोष्ट समजून घ्यायला हवी. हे वाण म्हणजे जाती नव्हेत. निवडक वंशांच्या संकरातून ते प्रत्येक वेळी नव्याने तयार होतात. वनराजाच्या कोंबडीवर वनराजाचाच कोंबडा सोडला तरी पुढच्या पिढीत वनराजा निघत नाही. एक पिल्लू थोराड, दुसरं किरकोळ, एकाचा रंग भलताच, तिसऱ्याची वाढ मध्येच मंदावलेली, असा विस्कळीत संच हाती येतो. शिवाय या कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत, म्हणून त्यांची अंडी गावठी कोंबडीखाली रवणीला घालतात. त्याच रवणीत शेजारच्या गावठी कोंबडीची अंडीही असतात. दोन-तीन वर्षांत परसातली सगळी पिल्लं एकमेकांची चुलत-मावस भावंडं होतात आणि 'हे कुठल्या जातीचं?' या प्रश्नाचं खरं उत्तर 'अमक्याच्या वळणावर गेलेलं' एवढंच राहतं. या पुस्तकात म्हणूनच मी बहुतेक ठिकाणी 'वळण' असंच म्हटलं आहे.

कडकनाथाच्या बाबतीत हे न समजल्याची किंमत अनेकांनी मोजली. मध्य प्रदेशातल्या झाबुआची ही कोंबडी. तिला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि तिचा भाव चढला. पाठोपाठ २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपुरातून कडकनाथाच्या नावावर झालेली गुंतवणुकीची फसवणूक उघडकीला आली आणि हजारो शेतकरी त्यात बुडाले. जात ओळखता येणं हे त्या फसवणुकीवरचं सगळं औषध नव्हे, पण निदान पक्षी तरी पारखून घेता येतो. काळी पिसं म्हणजे कडकनाथ नव्हे. तोंड उघडून जीभ आणि टाळू बघा, तुरा बघा, पोटावरची पिसं बाजूला करून कातडी बघा. चांगल्या कडकनाथात काळसरपणा आतपर्यंत पोचलेला असतो आणि तुराही जांभळट-काळपट असतो. पाय काळे पण तुरा लालभडक असेल, तर बहुतेक वेळा तो संकर असतो. आणि काळ्या कवचाचं अंडं दाखवून कोणी पिल्लं विकत असेल, तर तिथून निघावं. कडकनाथाचं अंडं फिकट तपकिरी, दुधाळ रंगाचं असतं.

पायांच्या रंगाकडे आमचे लोक फारसं बघत नाहीत, आणि मला सर्वांत जास्त सांगायचं आहे ते त्याबद्दलच. कोंबडीच्या पायाचा रंग दोन थरांतून तयार होतो. वरच्या थरात पिवळा रंग असतो किंवा नसतो, खालच्या थरात काळा असतो किंवा नसतो. वर पिवळा आणि खाली काळा असला की पाय हिरवट दिसतात. वर पिवळा नसून खाली काळा असला की पाटीच्या दगडासारखे निळसर. दोन्ही नसले की गोरे. आणि वर पिवळा असून खाली काळा नसला की पिवळे. हे चार रंग ओळखायला लागलात की एकाच रवणीतली पिल्लं वेगवेगळी दिसू लागतात. पिवळा रंग चाऱ्यातून येतो. हिरवा पाला आणि मका खाणारी कोंबडी तो कातडीत साठवते, आणि अंड्यावर आली की तोच रंग बलकात जाऊ लागतो. म्हणून भरपूर अंडी दिलेल्या कोंबडीचे पाय फिके पडतात.

हा पिवळा रंग साठवण्याची क्षमता आली कुठून, याचं उत्तर आपल्या डोंगरांत आहे. पाळीव कोंबडी तांबड्या रानकोंबड्यापासून आली, असं डार्विनने १८६८ मध्ये मांडलं आणि मुख्य वंश त्याचाच आहे, हे पुढे सिद्धही झालं. आग्नेय आशिया आणि चीनचा नैऋत्य कोपरा यांच्या आसपास ती प्रथम माणसाळली, असं २०२० साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून दिसलं. पण त्या तांबड्या रानकोंबड्याच्या कातडीत पिवळा रंग टिकत नाही, तो मोडून टाकणारं जनुक तिथे काम करत असतं. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं, की पाळीव कोंबडीतलं पिवळ्या कातडीचं जनुक दुसऱ्याच पक्ष्याकडून आलं आहे. तो पक्षी म्हणजे राखी रानकोंबडा. हा फक्त भारतात, त्यातही द्वीपकल्पाच्या भागातच, रानात सापडतो. साखळीहून केरीमार्गे चोर्ल्याच्या घाटाला लागलं की सत्तरीतलं जे रान सुरू होतं, १९९९ साली जाहीर झालेलं म्हादई अभयारण्य जिथे आहे, ते त्याचंच घर. मानेच्या पिसांवर मेणाच्या थेंबांसारखे पिवळट-पांढरे ठिपके, अंग राखाडी, आणि आरवणं आपल्या कोंबड्याहून तुटक, खरखरीत. त्या ठिपक्यांच्या पिसांसाठी एके काळी त्याची बेसुमार शिकार झाली. गळाला लावायच्या खोट्या माश्या बनवायला ती पिसं इंग्लंडला जात.

विचार करा. जगभरच्या बॉयलरचे आणि लेगहॉर्नचे पिवळे पाय, बाजारातल्या सोललेल्या कोंबडीची पिवळसर कातडी, या सगळ्यांत घाटाच्या रानातल्या या पक्ष्याचा अंश आहे. आणि पिवळेपणाचा हा गुण दबलेला असतो, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसतो. तेव्हा विठ्ठलापुरातल्या किंवा हरवळ्यातल्या परसात एखादी पिवळ्या पायांची गावठी तलंग दिसली, तर तिच्या दोन्ही बाजूंच्या वंशात हा धागा आहे. पिलाची जात ओळखणं म्हणजे त्याला नावाची चिठ्ठी लावणं एवढंच नसतं, हे मला या पायांनी शिकवलं.

इतकं असूनही गोव्याच्या गावठी कोंबडीला जात म्हणून नोंद नाही. देशातल्या पाळीव जातींची नोंद कर्नालचं राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो करतं. तिथल्या यादीत कोंबडीच्या वीसच्या आसपास जाती आहेत: असील, कडकनाथ, अंकलेश्वर, निकोबारी, केरळची तेल्लीचेरी, नंदुरबार आणि लगतच्या गुजरातेतली बुसरा. गोव्याच्या नावाची कोंबडी त्यात नाही. गोव्याची पांढरी गाय मात्र 'श्वेतकपिला' या नावाने नोंदली गेली. तिची मापं कोणीतरी घेतली, रंग लिहिले, किती गावांत किती जनावरं आहेत हे मोजलं, म्हणून ते झालं. कोंबडीचं असं वर्णन होण्याआधीच तिच्यात गिरिराज, वनराजा आणि रंगीत लेगहॉर्नचं रक्त मिसळत चाललं आहे. हे मिसळणं थांबवता येणार नाही आणि थांबवावं असंही नाही. पण मिसळण्यापूर्वी काय होतं, ते लिहून तरी ठेवायला हवं.

ते किती लवकर हातचं जाऊ शकतं, याचं उदाहरण मराठी मुलुखातलंच आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातला पहिला बर्ड फ्लू नवापुरात सापडला. साथ रोखण्यासाठी मोठ्या पोल्ट्रींबरोबर आजूबाजूच्या परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या. रोगाच्या दृष्टीने ते करणं भागच होतं. पण नवापूर म्हणजे नेमका बुसरा कोंबडीचा मुलूख. बुसरा इतर गावांतही होती म्हणून वाचली. एखाद्या तालुक्यापुरत्याच उरलेल्या पक्ष्याला अशी संधी मिळत नाही.

म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. आपल्या रवणीतल्या प्रत्येक पिलाच्या पायात वेगळ्या रंगाचा सैल दोरा बांधा, दर आठवड्याला तो सोडून पुन्हा सैल बांधा, नाहीतर तो रुततो. पहिल्या दिवशी, दोन आठवड्यांनी, सहा आठवड्यांनी आणि पहिलं अंडं आलं त्या दिवशी असे फोटो काढा. आई कोणती, बाप कोणता असावा, लव कशी, पाय कसे, तुरा कसा, अंड्याचं कवच कसं, आणि ती कोंबडी पुढे स्वतः रवणीला बसली का, एवढं लिहा. शेवटचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. एकवीस दिवस अंड्यांवर बसणारी आणि घार दिसताच पिल्लं पंखांखाली घेणारी कोंबडी हीच आपल्या गावठी कोंबडीची खरी कमाई आहे, आणि सुधारित वाणांत नेमकी तीच हरवते. ही शेवटची नोंद लिहिलेली वही दहा घरांतून जमली, तरी संशोधकांपुढे ठेवण्याजोगं काहीतरी हाती असेल.

नोंद ठेवायची तर पिल्लू आधी जगायला हवं, म्हणून पिलांच्या संगोपनाची प्रकरणं पुस्तकात आधी ठेवली आहेत. रवणीला बसलेली गावठी कोंबडी असेल तर त्यातलं बरंचसं तीच करते. विकत आणलेल्या पिलांना मात्र पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी ती कमी करत न्यायची. थर्मामीटर नसला तरी पिल्लं सांगतात. दिव्याखाली एकावर एक चढून कलकलाट करत असतील तर गारठली आहेत, दिव्यापासून दूर चोची उघडून बसली असतील तर उकडतं आहे. आपल्याकडे खरा शत्रू थंडी नसून ओल आहे. वाळवंटी नदीचं पाणी साखळीच्या बाजारापर्यंत चढवणाऱ्या पावसात भाताचं तूस अंथरलेली जमीन दोन दिवसांत भिजते, आणि भिजलेल्या तुसावर रक्ती हगवण ठरलेली. आषाढ-श्रावणात पिल्लं आणूच नयेत, पाऊस ओसरल्यावर आणावीत, हे माझं स्पष्ट मत आहे. त्या सुमारास आणलेली तलंग पुढच्या पावसाच्या आधी अंड्यावर येते.

लसीचं तेवढं सांगून थांबतो. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, एका रात्रीत परस रिकामं करतो आणि त्यावर उपचार नाही. पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून लासोटा लस, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा तीच, आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी टोचून घ्यायची. अडचण अशी, की कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात आणि कुपी फोडून द्रावण केलं की ते बर्फावर ठेवून दोन तासांच्या आत संपवावं लागतं. दहा पिल्लं असलेलं घर एवढी लस एकट्याने आणत नाही, म्हणून बहुतेक पिल्लं लसीविना राहतात. वाड्यावरच्या सगळ्या घरांनी पिल्लं एकाच आठवड्यात आणली किंवा कोंबड्या एकाच आठवड्यात रवणीला बसवल्या, तर एक कुपी सगळ्यांना पुरते. पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी सांगून ठेवा, लस थर्मासमध्ये बर्फात आणा, आणि सकाळी ऊन चढायच्या आधी घरोघरी फिरून ती देऊन टाका.